दिलेला मनीप्लांट लागत नाही

माझ्या घरात एकही मनीप्लांट विकत आणलेला नाही आणि कुणी दिलेलाही नाही. सगळे चोरीचे आहेत. हे वाचून ज्यांच्या भुवया वर गेल्या असतील, त्यांनी आधी स्वतःच्या खिडकीतली बाटली कुठून आली ते आठवावं आणि मग मला शिकवायला यावं.

मनीप्लांट चोरूनच लावायचा असतो, मागून आणलेला लागत नाही, हे मला बोईसरला आल्यावर कळलं. आमच्या कराडकडे अंगणात तुळस, परसात अळू आणि कढीपत्ता, एवढीच आमची झाडांची समज. ज्याला ना फूल, ना फळ, ना जे भाजीत घालता येतं, असं झाड नुसत्या पानांसाठी घराच्या आत ठेवायचं, हे मला रिकामटेकडेपणाचं लक्षण वाटायचं. यांना रंग बनवणाऱ्या एका कंपनीत बॉयलरवर नोकरी होती. लग्नानंतर कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर क्वार्टर मिळालं. त्यात पलंग होता, कपाट होतं, पंखे होते, आणि प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगानं कंपनीचा नंबर घातलेला होता. पलंगाच्या पायावर नंबर, कपाटाच्या दारावर नंबर, पंख्याच्या पात्यावरसुद्धा नंबर. मी यांना म्हटलं, माझ्याही पाठीवर घालून घ्या एक, म्हणजे हरवायची भीती नको. यांना विनोद कळायला दोन दिवस लागतात, ते म्हणाले, माणसांना नसतो.

समोरच्या क्वार्टरमध्ये दांडीची बाई राहायची. दांडी म्हणजे तारापूरच्या किनाऱ्यावरचं मासेमारीचं गाव. तिचं माहेर तिथलंच आणि सासरही तिथलंच. नवरा आमच्याच कंपनीत फिटर. तिच्या हॉलमध्ये फ्रिजवरच्या बाटलीतून एक वेल निघाली होती, ती पडद्याच्या दांडीवरून थेट ट्यूबलाइटपर्यंत गेलेली. एवढी हिरवीगार, चकचकीत पानं मी घराच्या आत कधी पाहिली नव्हती. मी आपली चांगल्या घरची सून, वाटीत शेंगदाण्याची चटणी घेऊन गेले आणि गोड आवाजात विचारलं, "वहिनी, एक फांदी द्याल का?"

ती म्हणाली, "नाय." चटणी घेतली आणि दार लावलं.

मला असा काही संताप आला की विचारू नका. एवढीशी फांदी! दोन दिवस मी धुमसत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचं दार उघडं होतं आणि ती आत झोपली होती. मी चपला न घालता गेले, हाताला आली ती फांदी मोडली, पदराखाली घातली आणि घरी येऊन लोणच्याच्या बरणीत पाण्यात ठेवली. छाती अशी धडधडत होती, जणू मी तिचं मंगळसूत्रच उचललंय. आठवड्यानं फांदीच्या गाठीला पांढरी मुळं फुटली. त्याच दिवशी ती बाई माझ्या दारात उभी. मी म्हटलं, झालं, आता शिव्या. ती सरळ आत आली, बरणीत डोकावली आणि खूश होऊन म्हणाली, "लागला ना? दिला असता तं कुजला असता. मनीपलांट देत नाय गो वयनी, घेतात!"

तेव्हापासून आमचं जमलं. ती मला पहिल्या दिवसापासून अगं-तुगं करायची, मी दोन वर्षं वहिनी-तुम्ही करत राहिले आणि मग दमून 'तू'वर आले. माझ्या डाळीत तिच्याकडची कैरी, तिच्या कालवणात माझं कांदा-लसूण तिखट, आणि दोन्ही घरांत एकच वेल. वेलीचं शास्त्र तिनंच मला शिकवलं. फांदी तोडायची ती गाठीच्या खालून, गाठ नसेल तर नुसतं पान वर्षभर हिरवं राहील पण मूळ धरणार नाही. बोअरिंगचं पाणी जड, त्यानं पानांची टोकं तपकिरी होतात, म्हणून एसीतून गळणारं पाणी बादलीत धरायचं. पानं दर रविवारी ओल्या फडक्यानं पुसायची. आमच्याकडे हे फडकं म्हणजे यांचं जुनं बनियन, आणि ते काळंकुट्ट झालेलं पाहून हे म्हणायचे की माझा चेहरा कधी इतक्या प्रेमानं पुसला नाहीस.

तेवीस वर्षांत माझी वेल हॉलच्या चारही भिंती फिरून स्वयंपाकघराच्या दारावर आली. खिळे मीच ठोकले, एकेक करत. घरातली ती एकच गोष्ट होती जिच्यावर नंबर नव्हता. मुलं शिकून बाहेर गेली, पलंग दोनदा बदलून मिळाला, पण वेल माझी होती. पाहुणे आले की आधी वर बघायचे आणि मग माझ्याकडे.

आणि मग मला मॉन्स्टेराची बाधा झाली. पालघरला आधार कार्डाच्या कामाला गेले होते, रांग मोठी म्हणून बाहेर पडले आणि एका नर्सरीत शिरले. तिथं ते झाड. ताटाएवढी पानं, पानांना भोकं, आणि हिरव्यावर पांढरे शिंतोडे, कुणीतरी चुना लावताना ब्रश झटकल्यासारखे. किती महाग होतं ते मी यांना आजतागायत सांगितलेलं नाही आणि इथंही सांगणार नाही. घरी आणलं, खिडकीपासून चार फुटांवर ठेवलं, काथ्या गुंडाळलेल्या काठीला बांधलं. त्याचं नवीन पान गुंडाळी करून बाहेर यायचं आणि हळूहळू उलगडायचं, तेव्हा मी डाळ करपवून ते बघत बसायचे. समोरची हसायची. म्हणायची, "पोरांचं पयलं पाऊल तरी बघितलंस का एवढं?"

एका सकाळी मी दळण घेऊन परत आले तर मॉन्स्टेराचा शेंडा गायब. वरची दोन पानं, गाठ, हवेत लोंबणारं मूळ, सगळं सफाईनं कापलेलं. ही सफाई कॉलनीत एकाच बाईच्या हाताला होती. मासळी कापून कापून आलेली.

आता तिच्या बाजूनं बघाल तर तिनं काय वाईट केलं? तिच्या दृष्टीनं घरातल्या वेलीला एकच कायदा. मनीप्लांट चोरायचा, तर मॉन्स्टेरा का नाही? तोही वेलच. पण मला तेव्हा कुणाची बाजू दिसत नव्हती. मी जिन्यात उभी राहून ओरडले. चोरटी म्हणाले. माझ्या विकत आणलेल्या झाडाला हात लावायची लाज वाटली नाही का, म्हणाले. तुमच्याकडे असंच चालत असेल, असंही म्हणाले, आणि हे शेवटचं वाक्य तोंडातून बाहेर पडताना माझं मलाच कळलं की हे भलतंच झालं. वरच्या मजल्यावरच्या बायका कठड्यावरून वाकल्या होत्या. ती दारात उभी होती, हाताला पीठ. आत गेली आणि दार अगदी हळू लावलं.

त्यानंतर मॉन्स्टेरा महिन्यात मेला. देठ काळा पडला, पानं मऊ पडून लोंबली. मी सगळ्यांना सांगितलं, हिनं मारलं. तिच्या नवऱ्याची रिटायरमेंट तीन महिन्यांवर होती. ते दांडीला निघाले तेव्हा खाली टेम्पो भरत होता आणि मी पडद्याआड उभी होते. ती टेम्पोत बसताना एकदा वर बघेल असं वाटलं, तिनं नाही बघितलं. मला रडू आलं. हे विचारायला आले तेव्हा मी सर्दी झाल्याचं सांगितलं.

वर्षानं यांची रिटायरमेंट आली. क्वार्टर खाली करायचं तर कंपनीच्या सिव्हिल खात्याचा माणूस येऊन भिंती बघतो, खिळे मोजतो, सगळे काढून भोकं बुजवून द्यावी लागतात. तो माणूस आला, त्यानं मान वर करून हॉलभर वेल पाहिली आणि कागदावर काही लिहायचंच विसरला. मग म्हणाला, "बाई, हे उतरवावं लागेल." मला ते ठाऊक होतं. तरी मी त्याला चहा दिला नाही.

तेवीस वर्षांची वेल अखंड उतरत नाही. भिंतीला तिची बारीक मुळं चिकटलेली, ओढलं की रंगासकट निघतं. म्हणून मी तुकडे करायचं ठरवलं. प्रत्येक तुकड्याला दोन गाठी, प्रत्येकाला बाटली, आणि इमारतीतल्या प्रत्येक बाईला एक. एवढ्या वर्षांचं काहीतरी मागं राहील, असं मला वाटत होतं. दारोदार फिरले. सगळ्यांनी हात मागे घेतले! "अहो काकी, दिलेला लागत नाही." "वहिनी, जाता जाता स्वतःच्या घरची लक्ष्मी का देताय?" एका बिहारी बाईनं तर हिंदीत समजावलं की दान का पौधा सूख जाता है. मी बावीस बाटल्या घेऊन घरी परत आले आणि सोफ्यावर बसून स्वतःलाच चार शिव्या घातल्या. तेवीस वर्षं चोरी करून जगले आणि आयत्या वेळी दानशूर व्हायला निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाटल्या जिन्यालगतच्या शू-रॅकवर मांडल्या, दार सताड उघडं टाकलं आणि यांना घेऊन बाजारात गेले. तीन तास मुद्दाम फिरलो. परत आलो तर रॅक रिकामं. मला इतका आनंद झाला की मी नाचायचीच बाकी होते. मग बाथरूममध्ये गेले. माझ्या स्वतःसाठी, पालघरच्या नव्या फ्लॅटसाठी, मुळाशी जाडजूड असलेला सगळ्यात चांगला तुकडा मी तिथं बादलीआड लपवून ठेवला होता. तोही गेला होता! लपवलेला म्हणजे नक्की उत्तम, हे हेरून कुणीतरी नेला. आणि मी कोणत्या तोंडानं दारं ठोठावणार? सकाळी निघताना भिंती पांढऱ्या होत्या आणि मुळांचे फिकट ठसे तेवढे राहिले होते.

पालघरचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, पश्चिमेला तोंड. पलंग आमचा, कपाट आमचं, कशावर नंबर नाही. आणि तरी मला तिथं पाहुणी आल्यासारखं वाटायचं. भिंतीकडे बघवत नव्हतं. लाज सोडून नर्सरीतून मनीप्लांट आणला. पहिला पश्चिमेच्या उन्हात भाजला. दुसरा आत सरकवला तर कुजला. तिसऱ्याचंही तेच. मी रोज पाणी घालत होते, दिवसातून दोनदा बघत होते, माती दाबून बघत होते, तरी कुजला. कुंडी उपडी करून ती काळी, घाण वास येणारी मुळं हातात घेतली आणि मी तिथंच फरशीवर बसले. कारण ती मुळं मी आधी पाहिली होती.

मॉन्स्टेराची मुळंही अशीच होती. त्याचा शेंडा कापला म्हणून तो मेला नव्हता. शेंडा कापला की खालून नवा फुटतो, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण रागाच्या भरात, त्याला वाचवायचंच या हट्टानं, मी रोज पाणी ओतलं, वर खत ओतलं, आणि त्याला बुडवून मारलं. मुळं बघितली तेव्हाच मला कळलं होतं. ती मी कागदात गुंडाळून जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि तोंडानं तिचं नाव घेत राहिले. वर्षभर. इतकं खोटं मी आयुष्यात दुसऱ्या कशाबद्दल बोलले नाही.

हे म्हणाले, "दांडीला जाऊन ये. वेल मूळची तिचीच ना."

मी म्हटलं, मी मेले तरी जाणार नाही. आठव्या दिवशी गेले. घरातून निघताना सुके बोंबील आणायला चालले आहे असं सांगितलं. यांनी मान डोलावली, बोंबील यांना आवडत नाहीत. बोईसरला उतरून रिक्षा केली. दांडी आली तशी हवेला मासळीचा वास आला. घर विचारत विचारत गेले. ती ओट्यावर बसून जवळा निवडत होती. केस पार पांढरे झालेले. तिनं मान वर केली, मला पाहिलं, आणि सूप बाजूला ठेवलं.

"बोंबील पायजेत," मी म्हटलं. दीड वर्षानं भेटलेल्या माणसाला मी हे म्हटलं!

"आत ये," ती म्हणाली.

आत अंधारलेला गार हॉल. बाहेरच्या खाऱ्या वाऱ्यानं पानं जळतात म्हणून तिनं सगळी झाडं आत घेतली होती. एका भिंतीवर फाटकं जाळं खिळ्यांना ताणून लावलं होतं, आणि त्यावर आमची वेल खालपासून वरपर्यंत चढली होती. आणि कोपऱ्यात, तेलाच्या डब्यात, मॉन्स्टेरा. माझ्या उंचीचा. पांढरे शिंतोडे, भोकं, सगळं. मी त्याच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं कमरेला खोचलेली सुरी काढली, पदराला पुसली आणि त्या डब्याच्या काठावर ठेवली.

"आत चाय ठेवते. माजा गॅस लय हळू हाय. टाईम लागंल." असं म्हणून ती गेली आणि मधलं दार लोटून घेतलं. आतून भांडी वाजवायला लागली. एका चहाला कुणी इतकी भांडी वाजवत नाही.

मी उठले. मनीप्लांटची फांदी हातानं मोडली, पिशवीत टाकली. काम झालं होतं. मग त्या सुरीकडे बघत उभी राहिले. मनीप्लांटला सुरी लागत नाही, बोटांनी तुटतो. सुरी लागते ती मॉन्स्टेराच्या जाड देठाला. गाठ शोधली, हवेतलं मूळ सांभाळलं, कापलं. पण ते पान काही पिशवीत मावेना, अर्धं बाहेरच राहिलं.

ती चहा घेऊन आली. पिशवीकडे तिनं बघितलंच नाही. पालघरच्या फ्लॅटचं सांगत मी दोन घोट घेतले. मग मला राहवेना. म्हटलं, "वहिनी, ते झाड तुझ्यामुळं नाही मेलं. मी पाणी घालून घालून कुजवलं. आणि नाव तुझं घेतलं सगळीकडे."

"म्हाईत हाय," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मुळं. कचऱ्याच्या डब्यात बगितली व्हती मी, तवाच."

म्हणजे तिला तेव्हापासून ठाऊक होतं. सगळी कॉलनी तिला नावं ठेवत असताना ती ते ओलं पुडकं उघडून जिन्यात दाखवू शकत होती, आणि तिनं दाखवलं नव्हतं. मी विचारलं, "मग बोलली का नाहीस गं? जातानासुद्धा वर बघितलं नाहीस."

"तू रडत व्हतीस ना पडद्यामागं, पडदा हलताना मी आदीच बगितला व्हता," ती म्हणाली. "वर बगितलं असतं तं मी पण रडले असते. टेम्पोवाला थांबला व्हता."

मी तोंडाला पदर लावला. ती उठली, आतून बोंबलांची जुडी आणली. बरोबर वर्तमानपत्राची दोन पानं आणली, ती मोरीत नळाखाली धरून चांगली भिजवली, पिळली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"गुंडाळून ने. पालगरपर्यंत सुकंल."

"काय सुकेल?" मी विचारलं.

"बोंबील," ती म्हणाली, आणि ते ओले कागद तिनं स्वतःच्या हातानं मॉन्स्टेराच्या देठाभोवती गुंडाळले.